विलायतेहून यायचा पार्ट

“काकू, हे दार कधीपासून आतून उघडत नाही?” मिस्त्रीने गाडीच्या डाव्या दाराचं हँडल पुन्हा खेचून पाहिलं. हँडल नुसतंच सैल फिरलं आणि दार जागचं हललं नाही.

“फार वर्षं झाली बघ,” काकू म्हणाल्या. “त्याचा पार्ट विलायतेहून यायचाय.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे तर काकांचं वाक्य. काकांना जाऊन दोन महिने होत आले होते. गाडी उद्या नव्या मालकाकडे जायची होती. त्याआधी मिस्त्री तिचं दुखणंखुपणं बघायला आला होता.

दुखण्यांना तोटा नव्हता. गाडी मूळची इंग्रजी, थाट राणीचा आणि नखरे त्याहून वरचढ. थंडीत चोक ओढून मनधरणी केल्याशिवाय चालू व्हायची नाही. हीटर लागायचा तो फक्त उन्हाळ्यात. उभी राहील तिथे तेल गाळायची, म्हणून काका तिच्याखाली जुना ट्रे सरकवून ठेवायचे. पण अक्रोडाच्या लाकडाचा तो डॅशबोर्ड, कातडी सीटचा तो वास! शेजारी काकांना लॉर्डसाहेब म्हणत. काकू म्हणत, “सवत आणलीत, तीही मडम!”

त्यात हे दार. काकू आत बसल्या की अडकल्याच. गाडी थांबली की काका उतरायचे, बॉनेटला वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. भर पावसातसुद्धा. गुडघे दुखायला लागल्यावर लंगडत लंगडत. बघणाऱ्यांना मोठं कौतुक. “लॉर्डसाहेब, वहिनी अजून नव्या नवरीच का?” काकूंचा नुसता जळफळाट व्हायचा.

“तुमचा तो पार्ट काय चालत येतोय का?” त्या विचारायच्या. काका हसून सोडून द्यायचे. गाडीचा स्क्रू न् स्क्रू ओळखणाऱ्या माणसाला एवढं एक हँडल दुरुस्त करता येऊ नये?

काकूंचा खरा राग मात्र दारावर नव्हता. त्यांची एकुलती एक लेक तापाने गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यानंतर महिनाही झाला नसेल, एका रविवारी काका दिवसभर गाडीत डोकं घालून बसले. पाने, पक्कड, ग्रीस. काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचं मन विटलं. पोटची पोर गेली आणि या माणसाला गाडी सुचते! त्यांनी पुढे संसार केला, पण ते काही मनातून गेलं नाही.

त्याच दिवसांतली, त्या रविवारच्या आधीची, आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. जरा मोकळी हवा लागेल म्हणून काका त्यांना गाडीतून घेऊन निघाले होते. पुलावर गाडीने वेग घेतला. काकूंचा हात दाराच्या हँडलवर गेला. एक क्षणभर सगळं फार सोपं वाटलं. मग गाडी एकाएकी मंदावली आणि हात मांडीवर परत आला. काकांची नजर समोर रस्त्यावर होती.

मिस्त्रीने एव्हाना दाराचं आतलं पॅड काढलं होतं. पोकळीत हात घालून त्याने एक लांबट पुडकं बाहेर काढलं. गाडी पुसायचं पिवळं फडकं, दोऱ्याने घट्ट बांधलेलं. त्यात ग्रीस माखलेली हातभर दांडी होती.

“काकू, मोडलेलं काहीच नाही. हँडल आणि दाराचा खटका जोडणारी दांडी कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलीय. गंज लागू नये म्हणून किती जपलीय बघा. बसवून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे.”

काकू ते फडकं हातात घेऊन पायरीवर बसल्या. पाने, पक्कड, ग्रीस. तो अख्खा रविवार. पावसात भिजत बॉनेटला वळसा घालून येणारा माणूस.

“काकू, काय झालं?”

“त्यांनी पाहिलं होतं रे,” काकू म्हणाल्या.