दोन आठवड्यांचं काम

शाल्मलीनं टॅब सिस्टर घाटग्यांच्या हातात दिला. नोकरीतलं तिचं हे पहिलंच काम होतं, रुग्णालयातल्या नर्सेसना औषधांच्या वेळा दाखवणारं ॲप. पूर्ण व्हायला वर्ष लागणार होतं, पण टीमलीड गोडांबे सरांनी पहिला तुकडा दोनच आठवड्यांत वॉर्डात आणायला लावला होता. "अर्धवट कशाला दाखवायचं, सर?" हे तिनं वाटेत तीनदा विचारलं होतं.

सिस्टरांनी एक पान उघडलं, मग दुसरं, मग परत पहिलं. टॅब हिसकावून घ्यावा आणि आपणच दाखवावं, असं शाल्मलीला वाटत होतं. सरांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी सिस्टरांनी टॅब बाजूला ठेवला, पेशंटची जाडजूड फाइल उघडली आणि पेनानं तळहातावर काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?" शाल्मलीनं न राहवून विचारलं.

"पुढच्या डोसची वेळ. मला आधी तीच लागते हो. यात ती सापडेचना."

ती वेळ चौथ्या पानावर होती. शाल्मलीचा चेहरा उतरला. "सगळं फुकट गेलं, सर."

"दोनच आठवडे गेले," सर म्हणाले. "मागचं ॲप आम्ही वर्षभर बनवलं आणि मग दाखवलं. ते कुणीच वापरलं नाही."

ती सिस्टरांकडे वळली. "वेळ पहिल्याच पानावर आणते. आणखी काय लागतं तुम्हाला?"

सिस्टरांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "यादी मोठी आहे."