बारावी तक्रार

शेजारच्या वहिनींच्या अकरा तक्रारींना कंटाळून छापखान्याच्या मालकांनी जुनं खडखडणारं मशीन कोपऱ्यात ढकललं आणि मांजरीच्या पावलांनी चालणारं नवीन आणलं. पाचव्या दिवशी वहिनी पुन्हा दारात. कडेवर चार महिन्यांचं बाळ, गल्ली डोक्यावर घेणारं. मालकांनी हात जोडले. "आता काय राहिलं, वहिनी?" "आवाज येत नाही, भाऊजी." वहिनी रडकुंडीला आल्या. "पोटात होता तेव्हापासून तुमच्या खडखडाटात झोपलाय हो. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, दोघांच्याही." मालकांनी बाळ खांद्यावर घेतलं, वहिनींना खुर्ची दिली आणि जुनं मशीन सुरू केलं. त्यावर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची प्लेट होती. पन्नासाव्या प्रतीला बाळ झोपलं. वहिनी दहाव्यालाच घोरायला लागलेल्या. संध्याकाळी कामगार त्या खडखडाटात कुजबुजला, "मालक, कागद संपला." बाळाला थोपटत मालक त्याहून हळू म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं छाप."