पुढे गेलेल्याचा शब्द

कॅप्टन विक्रमनायक विमानातून उतरले. पंखाला टेकून ते जरा उभे राहिले. कोणी पाहत नाही ना, ते पाहिलं. पाहणारा दिसला, तसे त्याच्यावरच डाफरले.

"काय बघतोस, रुविंदु? ओकलास ना? पूस ते आधी. माझ्या विमानात आजवर कुणी ओकलं नव्हतं."

रुविंदु त्यांचा विद्यार्थी. मान खाली घालून तो सीट पुसू लागला. कोलंबोजवळच्या रत्मलानाहून समुद्रकाठानं येताना अंबलंगोडच्या वर पावसाचा पडदा लागला होता. वळून बाहेरून जाऊ या, असं तो म्हणाला होता. "पाण्याला भ्यायला तू काय कोंबडी आहेस?" असं म्हणून सरांनी नाक सरळ पडद्यात घातलं. आणि दोर तुटलेल्या पोहऱ्यासारखं विमान खाली गेलं. लाटांचा फेस काचेवर आल्यासारखा वाटला. सरांनी दोन्ही हातांनी समोरची कड धरली, डोळे मिटले आणि 'इतिपि सो' ही बुद्धवंदना पुटपुटायला सुरुवात केली. विमान वर आणलं ते रुविंदुनं. ओकला तो नंतर.

आकाशात पायवाट नसते. पुढे गेलेल्यानं मागच्याला काटा सांगायचा, एवढीच तिथली वाट. अंदाज सांगतो काय होईल, पुढे गेलेला सांगतो काय झालं. वर्गात हे विक्रमनायकच शिकवत, फळ्यावर खडू आपटून.

कोग्गलाच्या धावपट्टीशेजारच्या खोलीत फोन होता. जुना, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकवणारा. सरांनी केसांवरून कंगवा फिरवला आणि मग रत्मलानाला फोन लावला. तिथं त्यांची विद्यार्थिनी उदेशिका थांबली होती. तिचं एकटीचं पहिलंच लांबचं उड्डाण. सरांचा निरोप आला की कोग्गलाकडे निघायचं, असं ठरलं होतं.

"वर कसं आहे सर?"

"कसं म्हणजे? म्हशीचं दही! चमचा रोवला तर उभा राहील."

"इथून दक्षिणेला काळं दिसतंय सर. डोंगराकडून खाली उतरतंय."

"डोळ्यातलं काजळ असेल, पूस. एप्रिलच्या दुपारी काळं नाही तर काय गुलाबी दिसणार? बाकीचे छपराखाली चहा पितात तेव्हा आपण उडतो, म्हणून आपल्या शाळेला नाव आहे. तुला छप्परच हवं असेल तर तसं सांग बाई. शिवणकामाचा क्लास असेलच तुमच्या गल्लीत."

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या.

"निघते सर."

"शाब्बास."

फोन ठेवून त्यांनी घाम पुसला. टेबलामागच्या कारकुनाकडे वळून आवाज खाली आणला. "कोलंबोची गाडी कधी आहे हो?"

"येईलच आता. स्टेशन जवळच आहे. पण सर, तुमचं विमान?"

"राहू दे इथंच. दोरानं बांधून ठेवा घट्ट. मला कोलंबोत जरा एक काम आठवलं."

रुविंदु आत येऊन उभा होता, हातात ओलं फडकं. त्यानं फडकं खाली टाकलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"कुणाला लावतोस?"

"उदेशिका अक्काला."

"ठेव तो." विक्रमनायक जवळ आले. "तुझ्या परवान्याच्या कागदावर माझी सही व्हायचीय अजून. आई कुवेतात लोकांची भांडी घासते ना तुझ्यासाठी? तिला काय सांगशील?"

फोन वाजत राहिला.

"आणि सांगून सांगून सांगणार काय? हवा वाईट होती म्हणून?" ते हसले, कारकुनानंही हसावं अशा बेतानं. "सांग की! ओकणाऱ्याला हवा वाईटच लागते, हे तिलाही कळतं. मी म्हणतो दही, तू म्हणतोस काटे. ती कुणाचं खरं धरील?"

कारकून हसला नाही. त्यानं दोराचं भेंडोळं उचललं आणि खिडकीतून उत्तरेकडे पाहिलं. नारळांचे शेंडे एका बाजूला झुकले होते.

पलीकडे फोन उचलला गेला. मागे उभ्या विमानाचा पंखा घरघरत होता.

"मल्ली!" उदेशिका ओरडली. रुविंदुला ती नावानं हाक मारत नसे, मल्ली, म्हणजे धाकटा भाऊच म्हणे. "पटकन बोल, निघालेय मी!"

रुविंदुच्या तोंडात अजून आंबट चव होती. सर खरं तेच बोलले होते. तो काटे म्हणाला असता तर ती हसली असती, आणि आली असती.

"मोठ्यानं बोल रे! काही ऐकू येत नाही!"

त्यानं विक्रमनायकांकडे पाहिलं. काखेत टोपी, तोंड त्याच्याकडे, पावलं दाराकडे. इतके दिवस तो त्यांच्याकडे खालून वर बघत आला होता. आज माशी पडलेल्या चहाकडे बघावं तसं बघितलं.

"अक्का!" तो धावपट्टीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "सर परत ट्रेननं येतायत!"

पंख्याची घरघर थोडा वेळ तशीच येत राहिली. मग ती अडखळली, आणि थांबली.