मातृदेवतेचं डोकं

"मुंडकं घावलं, बाई." जुन्या उत्खननातली खापरं धुणाऱ्या हौसाबाईंनी भाजक्या मातीचा ओला तुकडा पुढे केला. डॉ. खासनीसबाईंनी तो संग्रहालयातल्या बिनडोक्याच्या मूर्तीच्या मोडक्या मानेवर ठेवला. चपखल बसला. त्याला मिशा होत्या.

याच मूर्तीला मातृदेवता ठरवून बाई विभागप्रमुख झाल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या डॉ. बोरवणकरांनी, तिला मुळात डोकं घडवलेलंच नव्हतं, असं जाडजूड ग्रंथात सिद्ध करून पुरस्कार पटकावला होता. बावीस वर्षं दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते.

वास लागल्यासारखे बोरवणकर नेमके आत आले. मिशा पाहून त्यांना हसू आवरेना. "काय बाई, तुमची देवी दाढी कधी करते?"

"आधी मान बघा. तुमच्या ग्रंथाला डोकं उगवलंय."

त्यांनी सांधा पाहिला आणि हसू गिळलं. मग डोकं अलगद उचलून खापरांच्या ढिगात टाकलं.

"खापर," ते म्हणाले.

"खापरच," बाई म्हणाल्या आणि वहीत तशी नोंद केली.

"आवं, पन मिशा हायत की त्याला."

"हौसाबाई, उद्यापासून तुम्ही फक्त झाडलोट करायची," दोघं एका सुरात म्हणाले.