अधिकचा अर्थ

रामदास मास्टरने कॉम्प्युटरवर एका बोटाने अक्षरं शोधत शोधत आधी 'चौकडा' लिहिलं, मग अधिकचं चिन्ह, मग 'किनार'. आणि बोट तसंच वर धरून तो सुमतीकडे बघत राहिला, जणू बटण दाबलं की घरातला फ्यूजच उडणार.

"दाबा की, मास्टर. चावत नाही."

त्याने दाबलं. काळ्या पडद्यावर एकेक ओळ करत लुंगी उमटायला लागली. निळा चौकडा, दोन्ही कडांना पांढरी किनार. बावीस वर्षं मास्टर कारखान्यात लुंग्यांची डिझाइनं चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काढत आला होता.

"आयला," तो हळूच म्हणाला, आणि लगेच, "माफ करा हां, वैनी."

सुमती हसली. तिचा नवरा अवधूत नाशिकला नोकरीला, तो येणार शनिवारी. सोमवारपासून या खोलीत भिंतीपलीकडच्या लूमचा खटखटाट, कारखान्याने काम करायला दिलेला हा कॉम्प्युटर आणि विजू, एवढंच होतं.

विजू, तिची लेक, जूनमध्ये तीन वर्षांची होणार होती. ती आली, आईची ओढणी ओढली आणि म्हणाली, "दे."

सुमतीने न बघताच टेबलाखाली पडलेली बाहुली काढून दिली. विजू दोन पावलं गेली, वळली. "दे." सुमतीने उठून पंखा कमी केला.

"पंका कमी कर म्हनली ती?" मास्टरने विचारलं.

"हो. केस डोळ्यांत जातात तिच्या."

"म्हनली तं 'दे'."

"तिचं सगळं 'दे'च असतं. आजूबाजूला काय आहे ते बघायचं, म्हणजे कळतं."

तिने हे सहज सांगितलं खरं. पण कालच बालवाडीच्या बाईंनी विजूला दुसऱ्यांदा दारातून परत पाठवलं होतं. पाणी, शू, एवढं तरी तोंडाने सांगू दे, मग आणा, म्हणाल्या. चाळीस पोरांत मी कुणाकुणाच्या मनातलं ओळखू? फॉर्म अजून पर्समध्येच होता. शनिवारपर्यंतची मुदत.

मास्टर पुन्हा पडद्याकडे वळला. "पन वैनी, मशीनला ही बेरीज शिकवलीत कशी? आकड्यांची समजली. चौकड्यात किनार मिळवायची ते तिला काय ठावं?"

"तिला नाहीच ठाऊक. तिच्या लेखी अधिक म्हणजे आकडे, नाहीतर शब्दाला शब्द चिकटवणं. तुम्ही लिहिलेलं तिच्यापर्यंत जातच नाही, मास्टर. आधी माझा प्रोग्राम वाचतो. अधिक दिसलं की खोडतो, आणि तिथं 'जोड' लिहितो. मग जोड दोन्हीकडे बघतं, कोण कोण उभं आहे. आकडे असले तर साधी बेरीज. चौकडा आणि किनार असली तर मी सांगितलंय तसं बसवतं."

आणि मग सकाळची गंमतही तिने सांगून टाकली. पहिल्यांदा जोड दोन्हीकडे न बघताच कामाला लागत होतं. पुढच्या ओळीवर जायला ओळीच्या आकड्यात एक मिळवायचा असतो, तर ते त्या एकालाच किनार लावायला निघालं होतं. मास्टर खो खो हसला. सकाळपासून ही गंमत तिच्याजवळ पडून होती, सांगणार कुणाला?

"म्हंजे," मास्टर डोळे पुसत म्हणाला, "मशीनला वाटतं, मीच बराबर लिवलंय."

"हो."

"आनि मला वाटतं, मशीन हुशार हाय."

"हो."

"मंग ती कशाला शिकतेय? तुमी हायत ना मधी."

स्वतःच्याच बोलण्यावर तो पुन्हा हसला. सुमती हसली नाही.

विजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात स्टीलचा पेला, डोळे माठावर.

"दे."

सुमती अर्धी उठली आणि परत बसली. "काय देऊ?"

"दे."

"काय, विजू? मला कळत नाही."

रोजच्या दाराला एकाएकी कुलूप दिसावं तशी विजू तिच्याकडे बघायला लागली. पेला तिने जरा उंच धरला, आईला नीट दिसावा म्हणून.

"अवो वैनी, द्या की तिला—"

"तुम्ही थांबा, मास्टर."



"दे," विजू म्हणाली. या वेळी अगदी बारीक.

"मला कळत नाही."

टेबलाखाली सुमतीने एका हाताने दुसरा हात घट्ट धरला होता. आता ही रडेल आणि आपण उठू, असं तिला वाटलं. विजू रडली नाही. आईच्या खुर्चीला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि मास्टरच्या गुडघ्याशी उभी राहिली.

"काका, पाणी."

मास्टरनेच पेला भरून आणला. विजू गटागटा प्यायली. सुमतीने रिकामा पेला घ्यायला हात पुढे केला. विजूने तो मास्टरकडे दिला.

मास्टर खूश होऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "झ्याक बोलतंस की गो बाय! मंग आयेकडं का न्हाय मागितलंस?"

विजूने मनगटाने तोंड पुसलं. सुमतीकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या कानाशी लागून, जपून, कुणाचं तरी उणं सांगावं तसं ती म्हणाली,

"आईला कळत नाही."

एकही अक्षर चुकलं नव्हतं.