भाजीचा फणस

शेवंती लग्नघराच्या मांडवात शिरली आणि फणस चिरणाऱ्या बायकांनी आपापले कोयते पदराआड घेतले. एकीने तिच्यापुढे लसूण सरकवला. "तू आपला लसूण सोल गो," लहान मुलीशी बोलावं तशी ती म्हणाली.

शेवंतीची मान खाली गेली. मागल्या शिमग्यात तिचं डोकं फिरलं होतं. तिनं कोंबड्यांच्या माना मुरगळल्या, दार फोडलं, आणि आवरायला धावलेल्या थोरल्या जावेच्या दंडावर कोयता घातला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. इस्पितळातून बरी होऊन आली तरी ती भिंत तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती आल्या पावली मागे फिरली.

"कुठं निघालीस? लग्न तुझ्या पुतणीचं आहे!" थोरली जाऊ गरजली. तिनं कोयता शेवंतीच्या हातात कोंबला, चीक लागू नये म्हणून आपल्या हातांना खोबरेल चोपडलं आणि मोठाला फणस घट्ट धरून बसली. दंडावरचा व्रण सगळ्यांना दिसत होता. शेवंतीनं कोयता उचलला, पण तो खाली येईना.

"घाल गो!" जाऊ खेकसली. "माझ्या दंडावर घालताना एवढा विचार केला होतास काय?"

कोयता कचकन फणसावर आला. मग पदराआडचे कोयतेही बाहेर निघाले.