दोनशे चौदा किल्ल्या

"दाबू का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"दाबा," काका म्हणाले. "चुकलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

काका टीमचे प्रमुख. मास्तरीणबाई अकरा वर्षं शाळेत गणित शिकवून मग संगणकाकडे वळलेल्या. दुसऱ्याचं काम हातात आलं की "उत्तर ताळून पाहिलंत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सगळं ऑफिस त्याला टरकून असे.

शहरातल्या बसथांब्यांवरचे फलक हे ऑफिस चालवत होतं. बस किती मिनिटांत येणार हे विचारायला प्रत्येक फलकाला एक एपीआय की लागे, म्हणजे आत शिरायची किल्ली. अशा किल्ल्या साचत साचत तीनशेच्या वर गेल्या होत्या आणि शंभरएक तर कोणी वापरतही नव्हतं. त्या काढायला बाईंनी ऑटोमेशन टूलमध्ये एक साखळी बांधली होती: यादी आण, नको त्या निवड, एकेक डिलीट कर. साखळीचं नाव मुकादम. यादी नुकत्याच वापरलेल्या किल्लीपासून सुरू व्हायची. मुकादमालाही स्वतःची किल्ली होती. दर खेपेला ती दाखवल्याशिवाय त्याला कोणी आत घेत नसे.

बाईंनी बटण दाबलं. दोन सेकंदांत स्क्रीनवर आलं: प्रवेश नाही.

बाईंनी निवडीची अट पुन्हा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"काका, मला 'नव्वद दिवसांत न वापरलेल्या' असं लिहायचं होतं."

"मग काय लिहिलंत?"

"वापरलेल्या."

काका हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे चालू असलेल्या सगळ्या. दोनशे चौदा. म्हणूनच सर्व्हर आता आपल्यालाही हाकलतोय."

नव्या किल्ल्या प्रत्येक फलकात हाताने भरायच्या तर तीन आठवडे. तोवर सगळं शहर काळ्या फलकांकडे बघत उभं राहणार. बाईंना रडू आवरेना. अकरा वर्षं मुलांच्या वहीवर लाल शेरे मारले, आणि आता हे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, थांब्यावर उभी आहे. तुझा फलक तीन मिनिटं म्हणतोय."

"आई, तो आता बंद पडेल. जुनंच दाखवतोय. गुडघे दुखतायत ना, टॅक्सी करा."

"दोन म्हणतोय."

"आई, ऐका माझं."

"एक म्हणतोय. थांब जरा." पलीकडे ब्रेक करकरले. "आली बघ. अगदी वेळेवर. एरवी कुठे येते? आज काय वेगळं केलंस ते रोज करत जा."

फोन बंद झाला. "फलक अजून मिनिटं मोजतोय," बाई म्हणाल्या.

काकांनी आपला पासवर्ड टाकून किल्ल्यांची नोंद उघडली. मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग पोट धरून असे हसत सुटले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"बाई," डोळे पुसत ते म्हणाले, "यादीत सगळ्यात नुकती वापरलेली किल्ली कोणाची असणार? उत्तर ताळून पाहा."

त्यांनी स्क्रीन बाईंकडे वळवली. नोंदीत ओळ एकच होती: डिलीट केल्या - १. मुकादमाची.